बोअर कोणता घ्यावा?

गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुमारास आमच्या घरांत एक वाद सुरू झाला, तो जवळजवळ दोन महिने चालला. प्रश्न एवढाच होता कीं, रायफल घ्यावयाची ठरल्यास ती किती बोअरची घ्यावी. आमच्या मातोश्रींस अलीकडे कमी ऐकूं येतें. ‘बोअर’ हा शब्द येतां-जातां कानीं पडूं लागल्यावर त्यांनीं एके दिवशीं पंक्तींतच विचारलें, “अरे, विहिरीला बारमाही पाणी आहे, मग हा नवा बोअर कशाला पाडतां?” पंक्तींत हशा पिकला. परंतु पुढें जें घडलें तें पाहतां, हंसणाऱ्या आम्हां सर्वांपेक्षां त्यांचाच प्रश्न अधिक मुद्देसूद होता असें आतां वाटतें. ‘कोणता’ हें ठरविण्यापूर्वीं ‘कशाला’ हें विचारावयास हवें होतें, आणि तें दुसऱ्या कोणीं विचारलें नव्हतें.

ज्यानें आपला जन्म शब्दरूपें व धातुरूपें घोकून घेण्यांत घालविला, त्या निवृत्त शिक्षकानें बंदुकीविषयीं लिहावें हें वाचकांस चमत्कारिक वाटेल; आम्हांसही वाटतें. पण ज्या घराला शेती आहे आणि ज्या शेताच्या पलीकडे झुडपी रान लागतें, त्या घरांत हा प्रश्न एक ना एक दिवस येऊन उभा राहतोच. आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत तर तो गांवोगांव आहे.

आमचें घर दारव्ह्यास आणि वावर गांवाबाहेर नाल्याच्या कांठीं. कपाशी, सोयाबीन आणि तूर हीं तीन पिकें. विहिरीच्या भोंवतीं थोडा हरभरा. रोह्यांचा कळप रात्रीं तुरींत शिरला म्हणजे खातो थोडें आणि तुडवितो फार. रानडुकरांची तऱ्हा निराळी. तीं ओळीनें उकरीत जातात आणि सकाळीं पाहावें तों नांगरट झाल्यासारखी जमीन उलटलेली! कार्तिकापासून माघापर्यंत जागल केल्यावांचून गत्यंतर नसतें. मनुष्य दिवसभर राबून रात्रीं मचाणावर डबा वाजवीत बसला, तर तो किती दिवस तग धरणार? आमच्या धाकट्या बंधूंनीं तीस वर्षें हें केलें. आतां तें काम त्यांच्या चिरंजिवाकडे आलें आहे.

घरांत एक जुनी बंदूक आहे. ती आमच्या तीर्थरूपांनीं घेतलेली एकनळी, बारा बोअरची. त्या वेळीं काडतुसें आणावयाचीं म्हणजे शकुंतला गाडीनें यवतमाळला जावें लागे. ती लहान रुळांची गाडी बंद पडली, बंदूक मात्र चालू आहे. तीर्थरूपांच्या मागें तिचा परवाना धाकट्या बंधूंच्या नांवें झाला. निवडणूक आली कीं ती पोलीस ठाण्यांत जमा करावयाची, निवडणूक सरली कीं पावती दाखवून परत आणावयाची, आणि ठराविक मुदतीनें परवान्याचें नूतनीकरण करावयाचें, एवढाच तिचा संसार.

आमचा पुतण्या शेतकी पदवीधर आहे आणि वाचन करणारा आहे. त्याच्या मनानें घेतलें कीं, ही जुनी बंदूक आतां निरुपयोगी झाली; रायफल पाहिजे, आणि तीही दुकानांतून जशी मिळेल तशी नव्हे, तर घडवून घेतलेली. परदेशांत, विशेषतः अमेरिकेंत, हौशी लोक रायफल अशी बांधून घेतात हें त्यानें वाचलें होतें. नळी एका कारागिराची, खटक्याची यंत्रणा दुसऱ्याची, दस्ता अक्रोडाच्या लांकडाचा आणि स्वतःच्या खांद्याच्या मापाचा. या सर्वांच्या आधीं एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे नळीचा बोअर. कारण बाकीचे सर्व भाग त्यावर अवलंबून. त्यानें मोठ्या कागदावर एक तक्ता आंखला होता. गोळीचा व्यास, वजन, वेग, पल्ला असे रकाने होते. तो तक्ता आमच्यापुढें पसरून तो म्हणाला, “काका, तुम्ही फक्त कोणता घ्यावा एवढें सांगा. बाबा तुमच्या शब्दाबाहेर नाहींत.”

आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें आणि बंदुकीचें ज्ञान त्याहूनही कमी. तेव्हां आम्हीं त्यासच शिक्षक केलें आणि पहिला प्रश्न विचारला, “बारा बोअर म्हणजे बारा काय?”

तें त्यास सांगतां येईना. दोघांनीं मिळून शोधलें, तेव्हां मोठी गंमत आढळली. एक पौंड शिसें घ्यावें, म्हणजे सुमारें ४५४ ग्रॅम, आणि त्याचे सारखे बारा गोळे करावे. त्यांतील एक गोळा ज्या नळींत नेमका बसेल ती बारा बोअरची नळी. तिचा आंतला व्यास सुमारें १८.५ मिलिमीटर भरतो. एका पौंडाचे वीस गोळे केले तर प्रत्येक गोळा लहान होणार. म्हणून वीस बोअरची नळी बारा बोअरपेक्षां अरुंद असते. अंक वाढला कीं नळी लहान! हें ऐकून आमच्या भावजयीनें सुपांतले तांदूळ निवडतां निवडतां म्हटलें, “म्हणजे सुताच्या नंबरासारखेंच कीं. नंबर वाढला कीं सूत बारीक.” उपमा तंतोतंत जुळते, कारण इंग्रजी पद्धतीचा सुताचा नंबरही एका पौंडांत किती लडी बसतात त्यावरूनच ठरतो. कापसाच्या मुलखांतील घराला बंदुकीचें गणित असें कापसावरून समजलें.

रायफलीची मोजणी मात्र सरळ इंचांत किंवा मिलिमीटरांत असते. तिच्या नळीच्या आंत सर्पिल खाचा असतात. गोळी त्या खाचांतून फिरत बाहेर पडते, आणि भोंवऱ्याप्रमाणें फिरत असल्यामुळें आपली दिशा सोडीत नाहीं. बारा बोअरच्या गुळगुळीत नळींत अशा खाचा नसतात. आपल्याकडे ज्या रायफलीस ‘तीनशें पंधरा’ म्हणतात ती .३१५ इंचाची. आठ मिलिमीटरांस २५.४ नें भागून पाहावें, बरोबर .३१५ येतात. त्याच रीतीनें .२२ म्हणजे ५.६ मिलिमीटर, .३०३ म्हणजे ७.७ आणि .३० म्हणजे ७.६२ मिलिमीटर.

येथवर विषय गणिताचा होता, आणि त्यांत पुतण्याचा हात धरणारे आम्ही नव्हतों. पुढें तो कायद्याचा झाला. सन १९५९ च्या शस्त्र अधिनियमांतील तेराव्या कलमाचें तिसरें पोटकलम आम्हीं त्यास एखाद्या सूत्राप्रमाणें पदच्छेद करून वाचावयास लाविलें. त्या पोटकलमांत कायदा स्वतःच बोअर निवडून मोकळा झाला आहे. संरक्षणासाठीं किंवा खेळासाठीं गुळगुळीत नळीची, वीस इंचांहून आंखूड नसलेली बंदूक. पिकाच्या राखणीसाठीं ठासणीची बंदूक. आणि ठासणीच्या बंदुकीनें भागणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक. मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सभासदास नेमबाजीच्या सरावाकरितां २०१९ च्या दुरुस्तीपूर्वीं .२२ ची किंवा हवेची रायफल एवढेंच होतें, आतां कोणतेंही बंदुकीच्या जातीचें शस्त्र. पिकाच्या राखणीच्या ओळींत रायफलीचें नांवही नाहीं. ती हवीच असेल तर तिला सबळ कारण दाखवून निराळी वाट धरावी लागते, आणि तें कारण अधिकाऱ्यास पटावें लागतें.

पुतण्यानें पुनः पुनः वाचलें. मग म्हणाला, “हें कलम लिहिणारानें डुक्कर पाहिलें नसेल.” आम्हीं म्हटलें, “बाळ, डुक्कर पाहिलें नसेल कदाचित्. पण शेजारच्या वावरांतला मनुष्य पाहिला असावा.” हें आम्हीं त्या वेळीं वादांत बोलण्यासाठीं बोललों. त्याचा अर्थ आम्हांस स्वतःस महिन्याभरानें कळला.

कायद्याची दुसरी बाजू निषिद्ध बोअरची. लष्कराचें काडतूस ज्या नळींत चालेल ती नळी सामान्य नागरिकास वर्ज्य, हें यांतलें मुख्य तत्त्व. म्हणून .३०३ आणि ७.६२ मिलिमीटर हे दोन्ही आपणांस बंद. तक्त्यांत पुतण्याची पहिली पसंती .३०८ ला होती. अमेरिकेंत तें अगदीं लोकप्रिय काडतूस. पण तें आणि लष्कराचें ७.६२ हीं जवळजवळ एकच असल्यामुळें तो रकाना तेथल्या तेथें खोडावा लागला. उलट .३०-०६ नांवाचें जें काडतूस आहे, त्याच्या गोळीचा व्यास तोच, फक्त पितळी कोठी ५१ ऐवजीं ६३ मिलिमीटर लांब; म्हणजे दारू अधिक आणि वेग अधिक. तरी तें चालतें! त्याच्या नांवांतील ०६ हा आंकडा १९०६ चा आहे. त्या वर्षीं अमेरिकन सैन्यानें तें स्वीकारलें. बंदी आहे ती गोळीच्या जोरावर नसून लष्कराच्या काडतुसावर आहे, हें ध्यानांत आलें म्हणजे यांतला विरोधाभास नाहींसा होतो. आपल्या सैन्यानें मात्र .३०३ केव्हांच मागें टाकली. १९६२ च्या चीनयुद्धानंतर ७.६२ आली, पुढें पुण्यास पाषाण येथील शस्त्रसंशोधन संस्थेनें ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ घडविली, ती १९९९ च्या कारगिल युद्धांत वापरली गेली. आणि अलीकडे पुनः ७.६२ चा आश्रय केला आहे. बारीक गोळी हलकी, म्हणून सैनिकास अधिक काडतुसें नेतां येतात; जाड गोळीचा आघात मोठा आणि दूरवर टिकणारा. एवढ्या मोठ्या सैन्यास जो प्रश्न पन्नास वर्षांत कायमचा सुटला नाहीं, तो आमच्या पडवींत पंधरा दिवसांत सुटावा ही अपेक्षाच वेडगळ होती.

आणि घडवून घेण्याची हौस? शस्त्र बनविणें, त्याची दुरुस्ती करणें, नळीची परीक्षा घेणें, हें सर्व त्याच कायद्याच्या पांचव्या कलमान्वये परवानाधारक कारखानदाराचें काम. आणि नळी आंखूड करण्यासही सहाव्या कलमाची आडकाठी आहे. घरीं भाग आणून जोडावे ही गोष्ट हिंदुस्थानांत गुन्हा आहे. तेव्हां ‘घडविणें’ म्हणजे फार तर अधिकृत कारखान्याची रायफल घेऊन दस्ता खांद्याला बेतून घेणें एवढेंच उरलें. तें ऐकून पुतण्याचा चेहरा उतरला, आणि आम्हांस त्याची दया आली. अक्रोडाच्या दस्त्याचें चित्र त्यानें फार सुंदर काढलें होतें.

बोअरची निवड सरकारच्या हातीं असावी ही या देशांत नवी गोष्ट नव्हे. इंग्रजी अमलांत .४५० हा मोठ्या शिकारीच्या रायफलींचा आवडता बोअर होता. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींचाही बोअर तोच असल्यामुळें, बंडखोरांच्या हातीं काडतुसें पडूं नयेत म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानांत त्या बोअरच्या आयातीवर बंदी आली. तेव्हां लंडनच्या बंदूक-कारागिरांनीं काय करावें? त्यांनीं .४६५, .४७०, .४७५ असे शेजारचे बोअर पुढें आणले. हत्तीच्या किंवा गव्याच्या शरीररचनेंत त्या वर्षीं कांहीं फरक पडला नव्हता. फरक पडला तो सरकारी हुकुमांत! आपल्या तीनशें पंधराची जन्मकथाही याच जातीची. .३०३ सामान्य माणसास मना होती, म्हणून ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर रायफलीच्या आठ मिलिमीटर काडतुसाचा आधार घेऊन हिंदुस्थानच्या बाजारासाठीं ही रायफल निघाली. पुढें बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्यानें लष्करी .३०३ च्याच धर्तीच्या यंत्रणेवर ती बनविली. ऑस्ट्रियाचें साम्राज्य १९१८ सालीं लयास गेलें. त्याच्या सैन्याचें काडतूस मात्र आपल्या खेड्यापाड्यांतून अजून नांदत आहे.

काडतुसाचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल चार शब्द अधिक लिहितों, कारण हौशी माणसाचें लक्ष नळीकडे असतें आणि काडतुसाकडे तो मागाहून पाहतो. नळी तीन पिढ्या टिकते. काडतूस एकदांच उडतें. परवान्यावर किती काडतुसें घेतां येतील तो आंकडा लिहिलेला असतो. बारा बोअरचीं आणि .३१५ चीं काडतुसें आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत तयार होत आलीं आहेत. हा कारखाना १८६९ पासूनचा. त्याचीं ‘शक्तिमान’ छापाचीं बारा बोअरचीं काडतुसें आमच्या तीर्थरूपांच्या कपाटांतही असत. ज्या बोअरचें काडतूस देशांत होत नाहीं ती रायफल कितीही उत्तम असली तरी भिंतीवर टांगावयाची वस्तु. यामुळें तक्त्यांतील .२७५ आणि .३७५ हीं दोन नांवें गेलीं.

.२७५ खोडतांना पुतण्या थोडा अडला. कारण विचारलें, तर म्हणाला, “जिम कॉर्बेटची होती.” ही गोष्ट खरी आहे. चंपावतची जी नरभक्षक वाघीण ४३६ माणसांच्या मृत्यूस कारण झाली असें नमूद आहे, ती कॉर्बेटनें १९०७ सालीं मारली. त्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनीं त्यास रिग्बी या लंडनच्या कारागिरांची .२७५ बोअरची रायफल भेट दिली. म्हणजे ती वाघीण मारतांना ही रायफल त्याच्या हातीं नव्हती, पण पुढें १९२६ सालीं रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या त्यानें हिनेंच मारला. सात मिलिमीटरची ही बारीक गोळी मोठ्या जनावरास अपुरी, असें पुष्कळांचें मत होतें. पण कॉर्बेट डोंगर पायीं चढणारा, एकटा हिंडणारा, आणि जवळ गेल्यावांचून चाप न ओढणारा मनुष्य होता; त्याला हलकें शस्त्र हवें होतें. त्याची निवड त्याच्या पायांनीं आणि त्याच्या संयमानें केली असें आम्हांस वाटतें. तेंच शस्त्र मचाणावर झोंपेनें पेंगणाऱ्या माणसाच्या हातीं देऊन काय व्हावयाचें?

आतां तक्त्यांत तीन नांवें राहिलीं: .३१५, .३०-०६ आणि .२२. यांपैकीं .२२ राखणीस कायद्यानेंही चालत नाहीं आणि दयेच्या दृष्टीनेंही चालत नाहीं. लहान गोळी म्हणजे लहान क्रौर्य, असें आमच्या घरांतील बायकांस वाटत होतें. वस्तुस्थिति उलट आहे. तेवढ्याशा गोळीनें डुक्कर मरत नाहीं. तें जखमी होऊन नाल्याच्या झुडपांत शिरतें, चार दिवस तडफडतें, आणि सकाळीं सरपण वेंचावयास गेलेल्या बाईवर उलटतें. जखमी डुकराइतकें भयंकर जनावर रानांत क्वचितच असेल.

राहतां राहिल्या दोन. पुतण्याचा कल .३०-०६ कडे, बंधूंचा .३१५ कडे. आम्ही मध्यस्थ. या अवस्थेंत मार्गशीर्षाची ती रात्र आली.

येथें एक खुलासा करणें अवश्य आहे. रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही वन्यजीव कायद्यानें रक्षित प्राणी आहेत. १९७२ च्या त्या कायद्यानें हौसेची शिकार संपली, तें योग्यच झालें. मात्र उभ्या पिकाचा नाश करणाऱ्या जनावराबाबत अकराव्या कलमाप्रमाणें वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळूं शकते. बंधूंनीं अर्ज करून ती मिळविली होती. परवानगीवांचून एक छर्राही उडवावयाचा नाहीं हा आमच्या घरचा नियम आहे.

तर त्या रात्रीं आम्ही तिघेही वावरांत होतों. अमावास्या जवळ आलेली, थंडी कडाक्याची, तूर छातीइतकी उंच. परवाना बंधूंच्या नांवें असल्यामुळें बंदूक त्यांच्या हातीं. पुतण्याच्या हातीं विजेरी. आमच्या हातीं कांहींच नव्हतें. मध्यरात्रीनंतर धुऱ्याच्या बाजूस सळसळ झाली. पुतण्यानें विजेरीचा झोत टाकला, आणि दोन डोळे लखकन् चमकले. जमिनीपासून हातभर उंचीवर, अगदीं स्थिर. “बाबा, डुक्कर! मारा!” तो कुजबुजला. बंधूंनीं बंदूक खांद्याला लावली. आम्हांस तो क्षण फार लांब वाटला. मग त्यांनीं बंदूक खालीं घेतली आणि म्हणाले, “अंग दिसत नाहीं. थांब.”

तेवढ्यांत त्या डोळ्यांच्या पाठीमागें कोणी तरी खोकलें.

शेजाऱ्याच्या सालदारानें त्याच दिवशीं आपली खोप धुऱ्याजवळ आणून बांधली होती. तो आंत घोंगडी पांघरून निजला होता, आणि त्याचें कुत्रें दाराशीं बसून आमच्याकडे पाहत होतें. कुत्रें भुंकलेंसुद्धां नाहीं, ओळखीचें होतें. बंधूंनीं बंदूक उघडून काडतूस काढलें, खिशांत टाकलें, आणि मचाणाच्या खांबाशीं खालीं बसले. त्यांचे हात कांपत होते. पुतण्या एक शब्दही बोलला नाहीं. सालदार उठून आला, त्यानें बिडी पेटविली आणि विचारलें, “काय मास्तर, डुकरं आली व्हती का?” आम्हीं “नाहीं” म्हणालों.

सकाळीं पुतण्या टेप घेऊन एकटाच वावरांत गेला. आम्ही उभे होतों तेथून कुत्र्याची जागा बेचाळीस मीटर. तेथून खोप आणखी नऊ मीटर. खोपीच्या पाठीमागें त्याच रेषेंत दोन वावरें सोडून शेतमजुरांचीं घरें; तें अंतर सहाशें मीटरांच्या आंत. हे आंकडे त्यानें तक्त्याच्या कडेला लिहिले. मग ‘पल्ला’ हा रकाना त्यानें पुनः वाचला. इतके दिवस त्या रकान्यांतील मोठा आंकडा त्यास गुण वाटत होता. .२२ ची चिमुकली गोळीसुद्धां दीड किलोमीटरपर्यंत घातक ठरूं शकते. .३०-०६ ची चार किलोमीटरांहून अधिक जाते. चांगल्या रायफलीची गोळी त्या कुत्र्यांतून पार होऊन खोपींत शिरली असती. आणि नेम चुकता तर मजुरांच्या घरांवर गेली असती. डोंगराळ मुलखांत गोळीच्या मागें टेकडी असते, ती गोळी गिळते. आमच्या वऱ्हाडच्या सपाट वावरांत गोळीच्या मागें काय असतें? दुसऱ्याचें वावर, दुसऱ्याची जागल, पहांटे कापूस वेंचावयास निघालेल्या बाया.

बारा बोअर निर्धोक आहे असें यावरून कोणीं समजूं नये. मोठे छर्रे असते तर एकावन्न मीटरांवर त्या सालदाराचा जीव गेलाच नसता असें कोण म्हणेल? फरक एवढाच कीं, छर्रे पांगतात आणि पन्नास-साठ पावलांनंतर त्यांचा जोर झपाट्यानें ओसरतो. मजुरांच्या घरांपर्यंत ते पोंचले नसते. कायदा करणारानें राखणीसाठीं गुळगुळीत नळीच कां सांगितली, हें त्या सकाळीं टेपच्या आंकड्यांवरून आम्हांस समजलें. परंतु त्या खोपीचें संरक्षण कोणत्याही बोअरनें झालें नाहीं. तें झालें बंधूंच्या “अंग दिसत नाहीं” या तीन शब्दांनीं.

पुतण्यानें रायफलीचा विचार सोडला. आम्हीं सांगितलें म्हणून नव्हे. आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं. जुनी बंदूक तशीच राहिली आहे. परवानाधारकानें शस्त्र पंचवीस वर्षें बाळगलें असेल किंवा त्याचें वय सत्तर झालें असेल, तर तें वारसाच्या नांवें करून देतां येतें अशी २०१६ च्या नियमांत तरतूद आहे. बंधूंनीं विचारलें, “तुझ्या नांवें करूं का?” तो म्हणाला, “एवढ्यांत नको, बाबा. आधीं शस्त्र वापरण्याचें शिक्षण घेतों.” तें शिक्षणही आतां नियमानेंच आवश्यक आहे.

तक्त्यांतल्या .२२ ची गोष्ट मात्र तेथेंच संपली नाहीं. पुतण्याची धाकटी बहीण नववींत आहे. आम्ही कलम वाचीत असतां ती दाराआड बसून ऐकत होती, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तिनें येऊन विचारलें, “काका, त्या कलमांत रायफल क्लबाच्या सभासदास म्हटलें आहे, म्हणजे मुलींनाही ना?” हिला उत्तर देणें सोपें होतें. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्युनिक येथें पन्नास मीटरच्या स्पर्धेंत जागतिक विजेतेपद मिळविलें तें याच बारीक .२२ वर. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकांत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक आणलें, तेंही .२२ वरच. कुसाळे यांचे वडील शिक्षक, हें वाचून आम्हांस थोडा अधिकच आनंद झाला. तेवढा पक्षपात वाचकांनीं क्षमा करावा. आरंभ मात्र .१७७ इंचाच्या हवेच्या रायफलीनें करावा लागतो. अंजली भागवत यांनीं २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकांत अंतिम फेरी गांठली ती त्याच रायफलीवर. .१७७ पर्यंतचा बोअर आणि वीस जूलच्या आंतली शक्ति असेल तर अशा हवेच्या रायफलीस परवाना लागत नाहीं. सध्यां भावजय मुलीच्या दहावीचा विषय पुढें करते आणि मुलगी स्वप्नील कुसाळेंचा. आमचें मत आम्हीं अद्याप दिलेलें नाहीं. दिलें तर तें मुलीच्या बाजूचें असेल.

रायफलीसाठीं बाजूला ठेवलेल्या पैशांतून वावराला सौर कुंपण केलें. लोक त्यास झटका मशीन म्हणतात. त्यांत तारेंतून अखंड प्रवाह वाहत नाहीं, क्षणाक्षणानें एकेक झटका येतो. जनावर दचकून मागें फिरतें, मरत नाहीं. घरच्या विजेचा प्रवाह सरळ तारेंत सोडण्याचा जो प्रकार कांहीं लोक करतात तो गुन्हा तर आहेच, पण त्यानें माणसेंही गेलीं आहेत आणि वाघही. तो विचारसुद्धां कोणीं मनांत आणूं नये. आमचें कुंपण अगदीं निर्दोष आहे असें नाहीं. पहिल्याच महिन्यांत नाल्याच्या बाजूस तार सैल पडली होती, तेथून डुकरें खालून शिरलीं आणि तुरीच्या चार ओळी उलटून गेलीं. गवत वाढून तारेस टेकलें कीं झटका मंदावतो, म्हणून पुतण्या रोज संध्याकाळीं विळा घेऊन कुंपणाच्या कडेनें एक फेरा मारतो. शेजाऱ्याचा सालदार आपल्या बाजूचें गवत कापतो. खोप त्यानें अजून हलविलेली नाहीं.